मांडवाची जागा

बाबांनी आधी अंगण आखलं आणि मग घर. लोक उलटं करतात. घर उभं राहतं आणि उरलेल्या जागेला अंगण म्हणायचं. बाबांना ते पटत नसे. सौंदडच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमच्या वाट्याला जी जागा आली, तिथे ते सगळ्यात आधी पाण्याचा घडा घेऊन गेले. एका टोकाला उभं राहून त्यांनी घडा ओतला आणि पाणी कुठे जातं ते बघत उकिडवे बसले. मग दुसऱ्या टोकाला जाऊन ओतला, मग मधोमध. आम्ही दोघी बहिणी बाभळीखाली बसून हसत होतो. एवढा मोठा माणूस पाणी सांडतो आणि वर त्याच्या मागे मागे चालतो, याची आम्हाला भारी गंमत वाटत होती. आई मात्र हसली नाही. तिला ठाऊक होतं की तिच्या चुलीची जागासुद्धा आता ते पाणीच ठरवणार आहे.

आम्ही कोहळी. आमच्या वाडवडलांनी या भागात तलाव बांधले, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही छाती फुगवून सांगतं. बाबांनी स्वतः कुठला तलाव बांधला नव्हता. त्यांच्या वाट्याला तलावाखालची धानाची शेती आली होती आणि गावच्या पाण्याच्या पाळ्या लावून द्यायचं बिनपगारी काम आलं होतं. पण नजर तीच होती. जमीन कुठे झुकते ते त्यांना चालताना पायाला कळायचं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत त्या घरच्या अंगणाचा उतार कसा चुकला आहे ते सांगून मोकळे व्हायचे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परतीच्या वाटेवर ती विचारायची, आपण लग्नाला आलो होतो की पाट काढायला. बाबा खाली बघून चालत राहायचे, आणि मला तर वाटतं, तेव्हाही ते रस्त्याचा उतारच बघत असावेत.

तर घर बांधून झालं आणि अंगण बाबांनी ठरवल्याप्रमाणे भरू लागलं. विहिरीजवळ न्हाणीचा दगड, त्याचं पाणी एका बारीक पाटाने आधी कोचईला, म्हणजे अळूला, तिथून केळीला. मागे सांदवाडी, म्हणजे भाजीपाल्याची वाडी. तिच्या कुंपणावर बरबटी आणि वाल चढवलेले. मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड अगदी कोपऱ्यात, कारण त्याच्या फांद्या ठिसूळ, छपराच्या कवेलूंवर पडल्या तर नुकसान. खताच्या खड्ड्याशेजारी लिंबू. फाटकाच्या दोन्ही बाजूंनी गुलबास आणि अबोली, ती आईची हौस. घरात मासोळ्या आल्या की त्या धुतलेलं पाणी लिंबाला जायचं आणि तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला. आमच्या घरातून पाणी असं वाया गेलेलं मला आठवत नाही. कोचईची पानं तर इतकी माजायची की आई आठवड्यातून एकदा वड्या करायचीच. बेसन लावून गुंडाळ्या करायच्या, त्या उकडायच्या आणि मग जवसाच्या तेलात परतायच्या. दुपारची गाडी शिट्टी देऊन पुढे गेली की आमच्याकडे ताटं मांडली जात. आजही कुठे वड्या परतल्याचा वास आला की मी नकळत गाडीच्या शिट्टीची वाट बघते.

आणि या सगळ्याच्या मधोमध, घराच्या दारासमोर, एक मोठा चौकोन रिकामा होता. बाबांनी त्याच्या चारही कोपऱ्यांना दगड पुरून ठेवले होते. तिथे सडा पडायचा, रांगोळी पडायची, धान वाळायचं, पण कुदळ पडायची नाही. आई पहिल्या वर्षापासून त्या जागेवर डोळा ठेवून होती. भर उन्हाची, सपाट, सुपीक जागा, तिथे निदान एक जामाचं, म्हणजे पेरूचं, झाड लावू द्या असं तिचं म्हणणं होतं. मांडवाला लागणार चार दिवस आणि झाड फळ देणार जन्मभर, असा तिचा हिशेब. बाबा ऐकून घ्यायचे आणि दर वेळी तेच उत्तर द्यायचे.

"इथं काई लावाचा नाई. ही मांडवाची जागा आहे. दोन पोरी आहेत आपल्याले."

आमच्याकडे मुलीचा मांडव बापाच्या अंगणात पडतो. बांबूचे खांब, वर जांभळीच्या हिरव्या डहाळ्या, आणि खाली मुलीच्या पायाखालची माती तिच्या बापाची. शाळेच्या पटांगणात किंवा शेजाऱ्याच्या आवारात मांडव घालावा लागला तर बापाला ते लागतं. आता हॉल निघाले, लॉन निघाले, कुणाला त्याचं काही वाटत नाही आणि वाटू नयेही. पण बाबांच्या डोक्यात अंगण म्हणजे आधी ती जागा होती, आणि बाकी सगळी झाडंझुडपं तिच्या भोवतीने बसवलेली होती.

मागच्या वर्षी माझ्या मुलाने गोंदियात बंगला बांधला. त्याच्या अंगणासाठी एक तरुण पोरगा आला होता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात संगणक. मोठा गोड मुलगा. पडद्यावर त्याने हिरवळ काढून दाखवली, पायवाट काढली, दिवे लावले आणि मला विचारलं, "आजी, बीच में फोकल पॉइंट क्या रखें?" मी म्हटलं, मध्ये काय ठेवायचं ते मला नको विचारू बाबा. सुनेला वाटलं सासूबाई रुसल्या. रुसले नव्हते. मला माझी बहीण आठवली होती.

तिचं नाव वच्छला. बाबा तिला वच्छे म्हणत, मी ताई. आमच्या अंगणाचा उतार बाबांचा असला तरी अंगण खरं तिचं होतं. दहावीनंतर ती घरी राहिली आणि मातीत शिरली. तिच्या हातात काय होतं कोण जाणे, वाळलेली काडी खोचली तरी तिला फुटवा यायचा. फुटके डबे, गळकी घमेली, तळ गेलेल्या बादल्या, सगळ्यांत तिची रोपं. कुणी आलं की त्याच्या हातात रोप देऊनच पाठवायची. ओली माती मुळाशी दाबून, वर पळसाचं पान गुंडाळून, केळीच्या सोपटाने बांधून. बांधताना ती रोपाशी पुटपुटायची. मी काय बोलतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, नीट राहा म्हणून सांगते. मी तिची फार टिंगल केली त्यावरून.

मग तिच्या कानाखाली, मानेवर, तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग दिसला. आईला वाटलं चुना लागला असेल. तिने ओल्या बोटाने पुसून पाहिला. पुन्हा पुसून पाहिला. तो डाग काही जाणारा नव्हता. वर्षभरात तो रुपयाएवढा झाला आणि दुसरा बोटांवर आला. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे लागणीचं नाही, यात जिवाला काही नाही, मुलगी ठणठणीत आहे. हेच मी आज कुणालाही ठणकावून सांगते. कुणाच्या घरी कोडाच्या मुलीबद्दल कुजबूज चालली असेल तर मी मुद्दाम मोठ्याने बोलते. तेव्हा माझं वय लहान होतं, आणि आमच्या घरात ठणकावून बोलावं असं बळ कुणाकडेच उरलं नव्हतं.

औषध म्हणून एका वैद्याने बावचीचं तेल दिलं. ते डागावर लावायचं आणि सकाळच्या उन्हात बसायचं. दही बंद, आंबट बंद, मासोळी बंद. तलावाची जिवंत मासोळी घरी यायची आणि ताई लाखोरीचं वरण आणि भात घेऊन आमच्याकडे पाठ करून बसायची. उन्हात बसायला आमच्या अंगणात एकच जागा होती. बाकी सगळीकडे बाबांच्या आणि तिच्याच झाडांची सावली. म्हणून रोज सकाळी सडा वाळला की ताई मांडवाच्या जागेत पाट टाकून बसायची, मान एका बाजूला वाकवून, केस दुसऱ्या खांद्यावर घेऊन. रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून आई कुंपणावर धुतलेली लुगडी टाकायची. तेलाला कडवट उग्र वास होता. बाबा शेतावर जाताना तिच्या शेजारून सायकल काढायचे आणि घंटी न वाजवता जायचे. जिथे तिचं लग्न लागायचं होतं तिथे ती औषध लावून बसायची, आणि आम्ही तिघं आपापल्या कामात तोंड घालून तिला न बघितल्यासारखं करायचो.

बघायला येणारे येत. मामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, स्थळं आणायचा. आईची इच्छा होती की ताईने ओढणी मानेवरून घ्यावी, कळायचं तेव्हा कळेल. बाबांना ते मान्य नव्हतं. लपवून दिलेली मुलगी परत येते, म्हणाले. त्यामुळे चहाच्या आधी मामा डागाची गोष्ट काढायचा, पाहुणे एकमेकांकडे बघायचे, आणि मग सगळे जण उठून अंगण बघायला जायचे. अंगणाची स्तुती करायला कुणालाच अडचण नव्हती. बायका अबोलीपाशी थांबायच्या, मोगऱ्यापाशी थांबायच्या, एखादं रोप मिळेल का म्हणून विचारायच्या. ताई पळसाचं पान आणायला जायची. ओली माती दाबून, नीट बांधून, दोन्ही हातांनी रोप द्यायची. विचार करून कळवतो म्हणून माणसं निघायची. ताईचं रोप जायचं आणि ताई राहायची. पुढे कधी त्या पाहुण्यांच्या गावावरून जाताना मी एसटीच्या खिडकीतून लोकांच्या दारातली अबोली बघत असे आणि मला त्या फुलांचा राग यायचा. फुलांचा राग काय करायचा, पण माणसांपर्यंत माझा हात पोहोचत नव्हता.

शेवटचं स्थळ गोंदियाचं होतं, तांदळाच्या व्यापारातलं. मुलाची आई अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी, मोठ्या तोंडाची पण मनाने बरी वाटली. तिने ताईच्या हाताकडे बघून न बघितल्यासारखं केलं नाही. सरळ हात हातात घेऊन विचारलं, दुखता है क्या. ताई हसून नाही म्हणाली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्या बाईने मोगरा नेला, मिरचीची रोपं नेली, आणि जाताना मांडवाच्या जागेत उभी राहून म्हणाली, "इतनी जगह खाली कायको रखी?" बाबांनी सांगितलं. ती मान डोलावून म्हणाली, अच्छा किया. त्या एका वाक्यावर आमच्या घरी कितीतरी दिवस काढले गेले. आईने अक्षतांसाठी कोरे तांदूळ डब्यात वेगळे काढले. बाबा एका संध्याकाळी चौकोनाच्या कोपऱ्यातले दगड हलवून, ते घट्ट आहेत का ते पाहून आले. आणि ताई, जी कधी गात नसे, ती विहिरीवर काहीतरी गुणगुणताना मी ऐकली.

गोंदियाचा निरोप घेऊन मामा आला तो दुपारच्या गाडीने. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं नाही, यावरून आईने ओळखलं. तो ओसरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ ती फिरवत राहिला. मी दाराआड होते. ताई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभी होती, आणि तिच्यासमोरच त्याला बोलावं लागलं.

"भाऊजी, त्याइले घर पसंत आहे," मामा म्हणाला. "माणसं पसंत आहेत. पन लहानी मांगून रायले."

लहानी म्हणजे मी. बाबा म्हणाले, मोठीच्या आधी लहानीचं होत नाही. मामा वाईट माणूस नव्हता. स्थळं शोधून शोधून त्याच्याच पायाचे तुकडे पडले होते. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मंग दोघीबी रायतीन." ताईने त्याच्या हातात तांब्या दिला, त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबली, रिकामा तांब्या घेतला आणि आत आली. माझ्या अंगावरून जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या मागे मागे गेले, म्हटलं, मी लग्नच करणार नाही. ती म्हणाली, येडी आहेस का, आणि भांडी घासायला बसली. मला तिची माफी मागावीशी वाटत होती आणि कशाची मागायची ते कळत नव्हतं.

त्यानंतरच्या एका सकाळी बाबा पाण्याची पाळी लावायला तलावावर गेले होते. सडा वाळला. आईने सवयीने कुंपणावर लुगडी टाकली. ताई आली, पण तिच्या हातात पाट नव्हता की तेलाची बाटली नव्हती, जमीन खणायची सब्बल होती. मांडवाच्या जागेत बरोबर मधोमध उभी राहून तिने खड्डा करायला सुरुवात केली. तेलाच्या डब्यात तिने एक आंब्याचं रोप वाढवलं होतं, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावायचं म्हणून ठेवलेलं, गुडघ्याएवढं. डबा उलटा करून तिने ते हलकेच काढलं आणि त्या खड्ड्यात लावलं. आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

"वच्छे, काऊन?" एवढंच ती विचारू शकली.

"झाडाले जागा पायजे होती," ताई म्हणाली. माती दाबली, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसली. इतकी वर्षं त्या जागेसाठी बाबांशी भांडणारी आई त्या झाडासमोर जमिनीवर बसून राहिली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला तो मला आला. तिला आला नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून मोकळी होते, कारण शेवटी सांगायला मला ते जमणार नाही. त्या झाडाचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला. मोठीने मन आवरलं, आता लहानीचं करायला हरकत नाही. बाबांनीही तोच लावला. वर्ष उलटायच्या आत माझं लग्न झालं. त्या गोंदियाच्या घरी नाही, तेवढं मी निक्षून सांगितलं, आणि तेवढंच माझं ऐकलं गेलं. माझा मांडव घरासमोरच्या रस्त्यावर पडला. वऱ्हाडाच्या पायाखाली झाड जाऊ नये म्हणून ताईने त्याच्याभोवती बाभळीचे काटे लावले होते. आई गेली, बाबा गेले. ताई त्याच घरात आहे. आंबा कवेलूंच्या वर गेला आहे, उन्हाळ्यात खाली खाट टाकून ती झोपते. कोड हळूहळू सगळ्या अंगभर पसरलं, इतकं की आता डाग असा उरलाच नाही. गावची पोरं तिला विलायती आजी म्हणतात आणि ती हसून त्यांना आंबे देते. मी गेले की मलाही देते. मी खाते. गोड आहेत, खोटं कशाला सांगू. लोक म्हणतात, बघा, किती समाधानी बाई. मी गप्प बसते, कारण झाड लावलं त्या दिवशी दुपारनंतर अंगणात आणि घरात जे मी पाहिलं आणि ऐकलं, ते दोन्हीकडचं दुसऱ्या कुणी पाहिलं आणि ऐकलं नव्हतं.

बाबा उन्हं कलताना आले. फाटकातून सायकल आत घेतली आणि तिथेच थांबले. आई दारात होती. मी विहिरीपाशी, हातात रिकामी घागर. ताई ओसरीवरून उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिथल्या खिडकीतून अंगण दिसतं. बाबा झाडाकडे बघत उभे राहिले. मग सायकल भिंतीला टेकवून गोठ्यात गेले आणि फावडं घेऊन बाहेर आले. मला बरं वाटलं. बाबांचा राग मोठा होता, क्वचित यायचा पण आला की सगळं घर हलायचं. मला वाटलं, आता ते उपटून फेकतील, आरडाओरडा करतील, ताई रडेल, आई रडेल, आणि मग आमचं घर पुन्हा पहिल्यासारखं होईल.

बाबा झाडापाशी उकिडवे बसले. बुंध्याजवळची माती दोन बोटांनी दाबून पाहिली. मान तिरपी करून घराकडे, मग विहिरीकडे, मग फाटकाकडे बघितलं. दुपारच्या उन्हाने रोपाची कोवळी पानं मलूल होऊन लोंबत होती. तलाववाल्या माणसाला सुकणारं रोप बघवत नाही. त्याचा हात आधी पाण्याकडे जातो, डोकं मागून येतं. त्यांनी फावड्याने झाडाभोवती गोल आळं काढायला घेतलं. आळं झालं तेव्हा उठून न्हाणीच्या दगडापर्यंत गेले आणि तिथून झाडापर्यंत पाट खणायला लागले. मांडवाच्या जागेतून, एका कोपऱ्यातला दगड उखडून बाजूला ठेवत, सरळ रेषेत.

आई त्यांच्याजवळ गेली. एवढ्या वर्षांत मी तिला बाबांशी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "हे काय करून रायले?" ती म्हणाली. "उपटा ना तो झाड."

बाबा थांबले. फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "वच्छीनं आजवरी मले काई मांगतला नाई," ते म्हणाले. "पयल्यांदा आपल्या मनानं येवढीशी जागा घेतली थिनं. मी कसा उपटू?" आणि चिखलाच्या मनगटाने डोळे पुसायला गेले, तर डोळ्यात माती गेली. ती काढायला आईने पदराचं टोक पुढे केलं. मी घागर तिथेच ठेवून आत पळाले. मला वाटलं, मी ताईला चांगली बातमी सांगायला चालले आहे. बाबा रागावले नाहीत, तुझा मान ठेवला त्यांनी, असं काहीतरी सांगायचं माझ्या मनात होतं.

ताई खिडकीखाली बसली होती. सूप चालू होतं. तांदूळ वर उडत होते आणि परत सुपात पडत होते. मी म्हटलं, बाबा झाड उपटत नाहीत ताई, पाणी देऊन राहिले.

"पायला मी," ती म्हणाली. सूप काही थांबलं नाही. मग, खडे वेचल्यासारखं एकेक शब्द वेचत म्हणाली, "मले वाटला होता, येतीन आन् उपटून फेकतीन. मनतीन, इथं माह्या वच्छीचा मांडव पडनार आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिच्याजवळ खाली बसले. मी म्हटलं, मग जाऊन सांग ना त्यांना, अजून कुठे उशीर झाला आहे.

"काय सांगू?" ताईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मांडव पायजे मनू?"

आमच्या घरात मुलीच्या तोंडून असा शब्द कधी निघाला नव्हता. बापाने न विचारता समजून घ्यायचं आणि मुलीने न सांगता थांबायचं, अशीच सगळी रीत होती. बाहेर बाबा तिचं मन राखत होते, आत ती बाबांची वाट बघत होती, आणि मधल्या उंबऱ्यावर मी. मी उठले. म्हटलं, तू नको सांगू, मी सांगते. ताईने माझं मनगट पकडलं. तिची पकड घट्ट होती.

"बाबा रडून रायले का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग नोको सांगू."

बाहेर पाट पुरा झाला असावा. बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा, जरा बसलेला. "वच्छे, अखीन येक बादली आन. मुळापर्यंत गेला नाई पानी." ताईने सूप खाली ठेवलं, ओढणी कमरेला बांधली आणि "आली बाबा" म्हणत विहिरीकडे गेली.